खिशात मावणाऱ्या दोन टॉर्च: एक १,००० ल्युमेनची, दुसरी ५०० ची. कोणत्या टॉर्चचा झोत लांब जाईल?

ल्युमेनवरून ते कळणार नाही, दोन्हींचा कँडेला बघा; ज्या टॉर्चचा कँडेला जास्त, तिचा झोत लांब. ल्युमेन म्हणजे बाहेर पडणारा एकूण उजेड, कँडेला म्हणजे झोताच्या मध्यावरची तीव्रता. त्यामुळे ५०० वालीही सहज पुढे जाऊ शकते. खोक्यावरचं अंतर 'एएनएसआय एफएल१' या मानकाप्रमाणे दिलेलं असेल, तर हिशोब सोपा आहे: कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करा.

- १०,००० कँडेला: २०० मीटर
- ४०,००० कँडेला: ४०० मीटर

म्हणजे अंतर दुप्पट हवं तर तीव्रता चौपट लागते. एलईडी सारखाच असेल तर मोठ्या तोंडाची टॉर्च घ्या, खिशाला थोडी जड गेली तरी.

मात्र त्या अंतरावर फक्त ०.२५ लक्स उजेड पोचतो, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. पलीकडच्या बांधावर कुत्रा आहे की बिबट्या हे ओळखायचं असेल, तर लिहिलेल्या अंतराचं निम्मंच धरा. तिथे १ लक्स मिळतो. शिवाय हे माप टॉर्च लावल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांतलं असतं, आणि लहान टॉर्च तापली की उजेड उतरतो.