आर्टरी फोर्सेप (रक्तवाहिनी दाबून धरायचा चिमटा) आणि नीडल होल्डर (टाके घालताना सुई धरायचा) सारखेच दिसतात. जनावरांच्या शस्त्रक्रियेच्या ट्रेमध्ये ओळखायचे कसे?

दांड्याकडे बघू नका, जबडा बघा. बोटं घालायच्या कड्या आणि दातेरी खटका दोन्हींना असतो, म्हणून पहिल्या वर्षी सगळेच फसतात. नीडल होल्डरचा जबडा आखूड, जाड, आत जाळीसारख्या खाचा. आर्टरीचा लांब, निमुळता, आडव्या रेघांचा. त्यातही प्रकार आहेत: रेघा अर्ध्यावर थांबल्या तर तो ‘केली’ फोर्सेप, मुळापर्यंत गेल्या तर ‘क्राइल’. ‘कारमाल्ट’ या आणखी एका प्रकाराच्या रेघा मात्र उभ्या असतात, टोकाशी जाळी. कुत्रीच्या नसबंदीत अंडाशयाचा देठ धरायला तो उपयोगी.

आर्टरीने सुई धरली की ती जबड्यात फिरते, गाईची जाड कातडी शिवताना तर हमखास. वर फोर्सेपची टोकं फाकतात ती कायमची, मग रक्तवाहिनी धरायला तो निकामी. शंका आली तर मिटून उजेडासमोर धरा. टोकाशी फट दिसली की बाजूला काढा.

ऑलसन-हेगर या नीडल होल्डरला जबड्यामागे कात्रीही असते. मदतनीस नसेल तेव्हा सोयीचा, पण नवख्याच्या हातून गाठ मारतानाच धागा कापला जातो. माझा एकाच जखमेवर तीनदा कापला होता.