हैतीवर धोरणविश्लेषण आणि मतलेख लिहायचे आहेत. फ्रेंच येत नाही, तिकडे कधी गेलोही नाही. जमेल का?

जमेल. मीही हैतीला गेलेले नाही, पुण्यात बसूनच लिहिते. पण आधी माझी फजिती ऐका.

राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या बाजारात तांदूळ कसा महागला यावर लेख लिहीत होते. एका मुलाखतीत विक्रेतीने भाव 'डोला'त सांगितला आणि मी तो खुशाल अमेरिकी डॉलर धरला. लेख छापून आला. दोन दिवसांत एका हैतियन वाचकाची मेल: या भावाने तांदूळ आमच्याकडे सोनाराच्या दुकानात मिळत असेल! हैतीचं चलन गूर्द. पण बाजारात लोक 'हैतियन डॉलर'मध्ये बोलतात आणि त्याची नोटच अस्तित्वात नाही. पाच गूर्द म्हणजे एक डोला, बस्स. गूर्द अमेरिकी डॉलरला पाचाच्या दराने बांधलेला होता, तेव्हाची ही सवय. आता डॉलरला साधारण 130 गूर्द पडतात, म्हणजे माझा भाव 26 पट फुगला होता. वर माप किलोचं नाहीच, 'मामित'चं. मामित म्हणजे आपल्या पायलीसारखं डब्याचं माप. तांदळाचा मोठा मामित साधारण 6 पौंडांचा, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास.

तेव्हापासून मी सुरुवात बाजारातून करते, राष्ट्रपती भवनातून नाही. तांदळाचंच घ्या. लष्कराने हाकललेले राष्ट्राध्यक्ष आरिस्तीद यांना अमेरिकेने 1994 मध्ये सैन्य पाठवून परत खुर्चीवर बसवलं आणि पुढच्याच वर्षी, नाणेनिधी व वॉशिंग्टनच्या दबावाखाली, तांदळावरचं आयातशुल्क 3 टक्क्यांवर आलं. अनुदानावर पिकलेला अमेरिकी तांदूळ आर्तिबोनीत खोऱ्यातल्या शेतकऱ्याच्या उरावर बसला. लोक त्याला 'दिरी मायामी' म्हणतात, मायामीचा तांदूळ. तेव्हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असलेल्या बिल क्लिंटन यांनीच मार्च 2010 मध्ये सिनेटच्या समितीपुढे कबुली दिली, की याचा फायदा आर्कान्सामधल्या काही शेतकऱ्यांना झाला असेल, पण ही चूक होती. आर्कान्सा म्हणजे त्यांचंच राज्य.

इथे थांबलात तर चांगला मतलेख होतो, टाळ्याही पडतात. विश्लेषण इथून पुढे सुरू होतं. आज शुल्क वाढवलं तर राजधानीतल्या माणसाने पुढच्या आठवड्यात काय खायचं? आर्तिबोनीतचा तांदूळ शहरात येतो त्या रस्त्यावर टोळ्या अडवून पैसे उकळतात, मग शुल्काचा फायदा शेतकऱ्याला मिळणार की नाक्यावरच्या बंदूकधाऱ्याला? या प्रश्नांना भिडल्याशिवाय 'शुल्क वाढवा' हे वाक्य लिहू नका. (संपादक हमखास सांगतात, नाशिकच्या कांद्याशी तुलना टाका. मी टाकत नाही. कांद्यावरून आपल्याकडे सरकारं घाबरतात. आर्तिबोनीतच्या शेतकऱ्याला तेवढं कोणी घाबरलेलं मला तरी दिसलं नाही.)

1825 चं प्रकरण जपून वापरा. स्वातंत्र्य मान्य करण्यासाठी फ्रान्सने 15 कोटी फ्रँक मागितले, 1838 मध्ये ते 9 कोटींवर आले, आणि त्यापायी काढलेल्या कर्जांचे हप्ते 1947 पर्यंत फिटत होते. हे खरं आहे, भयंकर आहे. पण रस्त्यापासून कॉलऱ्यापर्यंत प्रत्येक लेखाची सुरुवात तिथूनच केली की वाचक दुसऱ्या परिच्छेदात पान उलटतो. फ्रान्सने ते पैसे परत करावेत या मागणीवर लिहीत असाल तर मात्र ते हवंच, कारण एप्रिल 2025 मध्ये मॅक्राँ यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा आयोग नेमायची घोषणा केली आहे.

तारखांचंही तसंच. 7 फेब्रुवारी 1986 ला हुकूमशहा दुव्हालिए पळाला. राष्ट्राध्यक्षाचा शपथविधीही घटनेने 7 फेब्रुवारीलाच ठेवला आहे. जोव्हनेल मोईझ यांची मुदत 2021 च्या 7 फेब्रुवारीला संपली की 2022 च्या, यावरून देश पेटला होता. विरोधक 2016 पासून मोजत होते, ते स्वतः शपथ घेतलेल्या 2017 पासून. जुलै 2021 मध्ये त्यांची हत्या झाली. तेव्हा 'मुदत संपलेले' हा एक शब्द लिहिलात तरी तुम्ही बाजू घेतलेली असते. घ्या, पण जाणूनबुजून घ्या.

भाषेचं म्हणाल तर फ्रेंचआधी क्रेयोल शिका. ती सगळ्यांची भाषा आहे, 1987 च्या घटनेने तिला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषा केलं आणि ती लिहिली जाते तशीच वाचतात. 1898 पासून निघणारं 'ल नूव्हेलिस्त' हे वृत्तपत्र फ्रेंच आहे, ते यंत्राच्या भाषांतरातून वाचता येईल. बाजारातली बाई तशी वाचता येत नाही. माझा डोला त्याच यंत्राने 'डॉलर' करून दिला होता.