परत कधी जाणार?

"मावशी, १५ वर्षं जर्मनीत काढून गेल्या दिवाळीत मी कायमची नाशिकला आले. तिळभांडेश्वर लेनमधला आमचा वाडा विकला, आई आता गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहते. तिचे गुडघे दुखतात. शहर ओळखूच येत नाही. भेटेल तो 'परत कधी जाणार?' विचारतो. मी काही बोलले की आई चिडते, म्हणते सारखी नावं ठेवतेस. बाबा २०२१ मध्ये गेले, तेव्हा करोनामुळे नेहमीची विमानं बंद होती, मला येता आलं नाही. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, अजून जाणं झालेलं नाही, तिथे पार्किंग मिळत नाही. माझं नाशिक मला कुठे सापडेल?"

बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बाबांबद्दल त्यात एकच ओळ आहे आणि तिला लागूनच गंगेचा विषय. पार्किंगचं म्हणशील तर रिक्षा रविवार कारंजावर सोडते, तिथून गंगा लांब नाही. तुझा पाय अडतोय तो दुसऱ्याच कारणाने, असं मला वाटतं. अस्थी रामकुंडातच सोडल्या असतील ना? त्या दिवशी तू तिथे नव्हतीस. आता पायऱ्या उतरलीस की बाबा गेले हे पहिल्यांदा खरं होईल. त्याची भीती वाटणं अगदी साहजिक आहे गं.

नावं ठेवू नकोस, असं मी सांगणार नाही. घाटावरचं काँक्रीट आणि पाण्यावर पसरलेली पाणवेल बघून माझाही जीव तुटतो. पण 'काय अवस्था करून ठेवलीय' असं तू म्हणतेस तेव्हा आईला वाटत असेल की तू तिच्या १५ वर्षांबद्दलच बोलतेस. ती वर्षं तिने इथे काढली, शेवटची तर एकटीने. २०१५ चा कुंभमेळा तिने पाहिला. २०१६ आणि २०१९ चे पूर तू मोबाईलवर पाहिलेस, ती इथे होती, पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला (पूर त्या मूर्तीवरूनच मोजतात ना), याची शेजारपाजारी विचारपूस करत. वाडा सोडताना शेवटचं कुलूप कुणी लावलं, हे तू तिला कधी विचारलंस का? तुला न सापडणारं नाशिक तिच्यापाशी आहे. ते ती आपणहून सांगायची नाही, तुला विचारावं लागेल.

येत्या बुधवारी तिला गंगेवरच्या बाजाराला घेऊन जा. गाडी घरी ठेव. पिशव्या तू धर, भाव तिला करू दे. ती मेथीची जुडी उलटीपालटी करेल, एखादं देठ मोडून बघेल, जुडी परत ठेवून दोन पावलं पुढे जाईल. तिथे 'असू दे गं, दहा रुपयांनी काय होतंय' म्हणून मधे पडू नकोस. तिच्या चालीने चाल. कोण तिला नावाने हाक मारतं, कोण बाबांची आठवण काढतं, ते कान देऊन ऐक.

मग तिथूनच रामकुंडावर जा. पायरीवर बसा आणि त्या दिवशीचं विचार: कोण कोण आलं होतं, ती कुठे उभी होती, पाणी किती होतं. ती लगेच बोलेल असं नाही. रडू आलं तर दोघी रडा, इतकी वर्षं थांबलेलं रडू आहे ते.

'परत कधी जाणार?' म्हणणाऱ्यांवर रागावू नकोस. इथे घरोघरी मुलं तीन आठवड्यांसाठी येतात आणि जातात, लोकांच्या तोंडी तो प्रश्न बसलाय. 'राहायला आलेय' एवढंच सांग. आईसमोर सांग, तिच्याही मनात तोच प्रश्न असेल.

येत्या रंगपंचमीला जुन्या नाशकात जरूर जा. वाडा गेला असला तरी तिथली रहाड, म्हणजे रंग खेळायचा तो जुना हौद, अजून आहे, वर्षभर रस्त्याखाली झाकलेली. ती उघडलेली बघ. जमलं तर रंगात उडी घेऊन एक धप्पाही मार.

आणि बुधवारी परतताना आईला चढ चढायला लावू नकोस, खालूनच रिक्षा कर.