खुळखुळा : आधी झाड की आधी खेळणं?

नेरुळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. खाडीच्या बाजूला फिरताना त्यांना पिवळ्या फुलांचं कमरेएवढं झुडूप दिसलं. गावठाणातल्या आजी म्हणाल्या, "हा खुळखुळा." मग बाळाच्या खेळण्याचं नाव या झाडावरून आलं, की झाडाचं खेळण्यावरून? आणि यात 'खूळ' आहे का?

खूळ अजिबात नाही. ती नुसती अक्षरांची गाठ पडली आहे. झाड आणि खेळणं यांतही कोणी कोणाकडून नाव उसनं घेतलेलं नाही, असं मला वाटतं. दोघांचं मूळ 'खुळखुळ' या आवाजात आहे. भिरभिरतं ते भिरभिरं, फटफट करते ती फटफटी, तसा खुळखुळतो तो खुळखुळा.

मला यात सगळ्यात आवडतो तो 'उ'. पाणी खळखळतं, जुनी खुर्ची खिळखिळी होते, पण खिशातली चिल्लर मात्र खुळखुळतेच. चिल्लर खळखळली असं कोणी म्हणत नाही. बंद, पोकळ जागेत सुटे जिन्नस हलले की आपला कान 'उ' ऐकतो. चरचर, चिरचिर, चुरचुर म्हणून बघा. तिन्हींची जागा वेगळी आहे. स्वर बदलून अर्थ इतका नेमका करणारी भाषा आपल्याला आयती मिळाली आहे.

पावसाळा सरल्यावर ठाण्याच्या येऊरच्या वाटेवर याची एखादी वाळकी शेंग कानाशी हलवून पाहा. शेंग फुगीर असते, आणि वाळली की बिया आतून सुटतात. तोच तो आवाज. या झाडाला घागरी असंही म्हणतात. बैलांच्या घागरमाळा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे वेगळं समजावायला नको. संस्कृतात या कुळातल्या झाडाला घण्टारवा म्हटलं आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये या प्रजातीचं, म्हणजे अशा जवळच्या झाडांच्या गटाचं, क्रोटालेरिया हे शास्त्रीय नाव पक्कं केलं, तेही ग्रीक 'क्रोटालॉन'वरून. ते चिपळ्यांसारखं हातात धरून वाजवायचं वाद्य. एकमेकांपासून इतक्या लांबच्या भाषा, आणि सगळ्यांनी शेंगच ऐकली!

फुलावरून पडलेलं नावही आहे म्हणा : शणपुष्पी, म्हणजे तागासारखं फूल असलेली. ते अचूक आहे. हिरवळीच्या खतासाठी शेतात पेरतात तो ताग याच प्रजातीतला, आणि त्याचं फूलही पिवळंच.

ताई, नावावरून मोह होईल, पण ती शेंग बाळाच्या हातात देऊ नका. तुम्ही पाहिलेल्या झाडाच्या जातभाईंत बऱ्याच जणांच्या बिया विषारी असतात, यकृतावर परिणाम करणाऱ्या. आवाज ऐकवायचा तर शेंग आपल्याच हातात धरून ऐकवा.