‘नॉर्मल आहे’ म्हणजे किती मिली?

प्रश्न : मी सांगलीत राहतो. अकरा महिन्यांपूर्वी पुण्याच्या डीलरकडून 2 लाख 80 हजारांची टूरिंग मोटरसायकल घेतली. दर हजार किलोमीटरला सुमारे अर्धा लिटर इंजिन ऑइल कमी होतं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, ‘नॉर्मल आहे’. वॉरंटी चालू आहे. केस करू का?

उत्तर : करता येईल, पण आज नको. आज तुमच्या हातात फक्त तोंडी तक्रार आणि तोंडी उत्तर आहे.

थोडं ऑइल प्रत्येक इंजिन खातं. हायवेवर तासन्‌तास चढ्या आरपीएमवर पळणारं तर जरा जास्तच. त्यामुळे ऑइल कमी होणं हा आपोआप दोष ठरत नाही. किती कमी होतं, हा मुद्दा. ओनर्स मॅन्युअल उघडा. त्यात वापराची मर्यादा दिली असेल आणि तुमची गाडी तिच्या आत असेल, तर वकिलाची फी वाचवा. मर्यादा ओलांडली असेल, तर ‘दोष’ दाखवायला तोच छापील आकडा तुमचा सर्वांत भक्कम पुरावा. आकडाच नसेल, तर कंपनीला ईमेलने विचारा : नॉर्मल म्हणजे हजार किलोमीटरला किती मिली?

मग सर्व्हिस सेंटरमध्ये मोजणी मागा. ऑइल खुणेपर्यंत भरून ते काढायचा ड्रेन बोल्ट आणि भरायचं झाकण सील करायचं, हजार किलोमीटर चालवायची, पुन्हा तिथंच मोजायचं. दोन्ही नोंदी जॉब कार्डावर हव्यात. ‘साहेब, लिहायची गरज नाही’ म्हणाले की समजा, लिहिण्याची नेमकी तेव्हाच गरज आहे! घरी मोजताना गाडी सरळ उभी ठेवा. साइड स्टँडवरच्या मापाला अर्थ नाही. टॉप-अपची बिलं जपा.

वॉरंटी संपायच्या आत लेखी तक्रार गेलीच पाहिजे, डीलर आणि कंपनी दोघांनाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात जावं लागतं. पत्रं पाठवत बसल्यानं ही मुदत वाढत नाही. पुण्याला खेटे मात्र नकोत. कलम 34 मुळे सांगलीच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फी नाही. आयोग गाडी तज्ज्ञाकडे तपासणीला पाठवू शकतो, तो खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल.

नवी गाडी मिळेल, या आशेवर मात्र राहू नका. सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात वॉरंटीप्रमाणे सदोष भाग बदलून मिळेल, अख्खी गाडी नाही, असं सांगितलं होतं. इंजिनात ऑइल रोखणारे भाग, म्हणजे पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील, बदलून मिळाले आणि वर थोडी भरपाई पदरात पडली, तर तडजोड करा.