वाचकांचे प्रश्न: सोयाबीनचे कोंब फुटतात, पण वाढत नाहीत

प्रश्न: ऊतिसंवर्धनात, म्हणजे बाटलीतल्या निर्जंतुक माध्यमावर, सोयाबीन वाढवतो. बीजपत्राच्या पेरापासून (बियाची डाळ खोडाला जोडते तिथून) कोंब भरपूर फुटतात, पण खुजेच राहतात. बीएपी (कोंब फुटवणारे संप्रेरक) लिटरला २ मिग्रॅवरून ४ वर नेले, तरी फरक नाही. पावसाळ्यात तर बऱ्याच बाटल्यांना बुरशी लागते. काय करावे?
– एक वाचक, दापोली

उत्तर: बीएपी वाढवल्याने कोंबांची संख्या वाढते, उंची मात्र खुंटते. उलट ते १.५ ते १.७ मिग्रॅवर आणा. कोंब फुटवण्यासाठी बी-५ माध्यम (क्षार व जीवनसत्त्वांचे ठरलेले मिश्रण), ३ टक्के साखर आणि ५.७ सामू (पीएच) ठेवा. पेराच्या ३ ते ५ मिमी खाली कापून पेर उभे चिरा, मधला कोंब काढा आणि कक्षातली (बीजपत्राच्या बगलेतली) कळी स्कालपेलच्या, म्हणजे शस्त्रक्रियेच्या चाकूच्या, टोकाने खरवडा. ती राहिली तर तोच एक कोंब जोरात वर येतो आणि बाकीचे दबतात.

चार आठवड्यांनी बीजपत्रे काढून गुच्छ दुसऱ्या माध्यमात हलवा: एमएस क्षार (असेच दुसरे ठरलेले मिश्रण), बी-५ जीवनसत्त्वे, जिब्रेलिक आम्ल ०.५, झिएटिन रायबोसाइड १, आयएए ०.१ (ही तिन्ही संप्रेरके) आणि अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल ५० मिग्रॅ प्रतिलिटर. बहुतेकांचे अडते ते इथेच: संप्रेरके माध्यमासोबत ऑटोक्लेव्हमध्येच (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घातली जातात आणि उष्णतेने त्यांचा जोर कमी होतो. माध्यम ५० ते ५५ अंशांवर आले की ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून मिसळा. दर दोन आठवड्यांनी बुडाशी काळा पडलेला भाग कापून ताज्या माध्यमात ठेवा. एका आठवड्यात उंची दिसणार नाही, धीर धरा.

बुरशी कुठून सुरू होते ते आधी बघा. बियाभोवती दिसली तर दोष बियाण्यात. बी कोरडे आणि त्याच हंगामातले घ्या. आपल्या दमट हवेत उघड्यावर ठेवलेल्या सोयाबीनची उगवणशक्ती लवकर जाते. बी निर्जंतुक करायला ते धूरकक्षातच (विषारी वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात), डेसिकेटरमध्ये (घट्ट झाकणाच्या काचपात्रात) ठेवा; त्यातच ५ टक्क्यांच्या १०० मिली सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ३.५ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल हळूहळू सोडून लगेच झाकण लावा आणि १६ तास ठेवा. यातून निघणारा क्लोरीन वायू विषारी आहे, उघड्या खोलीत हा प्रयोग अजिबात नको. नंतर बी लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक कपाटात) अर्धा तास उघडे ठेवा. बुरशी बियापासून दूर, बाटलीच्या तोंडाशी असेल तर संशय कापसाच्या बुचावर घ्या. पावसाळ्यात ते ओलसर राहते आणि बुरशी त्यातूनच आत उतरते. पॉलिप्रोपिलिनची झाकणे वापरा.

प्रश्न: मुळे आलेली रोपे कुंडीत लावली की माना टाकतात. कोकोपीट स्थानिकच आहे.
– एक वाचक, मालवण

उत्तर: खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या सोडणाचे कोकोपीट खारट असते आणि सोयाबीनला जास्त मीठ सोसत नाही. गोड्या पाण्याने तीन-चार वेळा धुवून पिळा, निथळलेल्या पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे खारटपणाचे माप) मोजा, मगच तेवढ्याच व्हर्मिक्युलाइटमध्ये (फुगवलेल्या हलक्या खनिजात) मिसळा. मुळांवरचा अगार (माध्यम घट्ट करणारा जेलीसारखा पदार्थ) कोमट पाण्याने पूर्ण धुवा. राहिला की साखरेमुळे बुरशी धरते. रोप पारदर्शक पिशवीखाली ठेवा, चार दिवसांनी पिशवीला भोके पाडा आणि रोज थोडी वाढवत दहाव्या-बाराव्या दिवशी पिशवी काढा.