‘शांतता अध्ययन’ की ‘शांती अध्ययन’?

परभणीहून राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: विद्यापीठांत ‘पीस स्टडीज’ म्हणून जो विषय शिकवतात, त्याला मराठीत ‘शांतता अध्ययन’ म्हणावं की ‘शांती अध्ययन’? शिवाय दंगलीच्या दुसऱ्या दिवशी गावात जी ‘तणावपूर्ण शांतता’ असते, ती या विषयात येते का?

आधी त्या ‘तणावपूर्ण शांतते’चंच बघू, कारण ती वाचून वाचून डोकं उठतं. शटर खाली, मोंढा बंद, चौकात राखीव दलाची गाडी उभी. याला मराठीत सामसूम म्हणतात, शुकशुकाट म्हणतात. शांततेला तणावाचं विशेषण लावावं लागतंय, म्हणजे नामच चुकलंय.

वर्गातली शांतता, वास्तुशांती, ‘आजोबा शांत झाले’ हे अर्थ सगळ्यांना माहीत आहेत. थेट दोन्ही शब्दांच्या मुळाशी असलेल्या संस्कृत धातूकडे, ‘शम्’कडे, जाऊ. ‘शमु उपशमे’ म्हणजे निवणं, थांबणं. बहुतेक जण इथेच थांबतात. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, हा शम् एकटा नाही: शम्, तम्, दम्, श्रम्, भ्रम्, क्षम्, क्लम्, मद् अशी आठांची रांग आहे आणि पाणिनीने या आठांसाठी वेगळं सूत्र केलंय (7.3.74), म्हणून शाम्यति, श्राम्यति, क्षाम्यति अशी दीर्घ रूपं होतात. शम, श्रम आणि क्षमा एका आळीत! हा शेजार रूपामुळे आहे, अर्थामुळे नाही, हे कबूल. पण ऋग्वेदात शम् चा अर्थ खरोखरच कष्ट करणं असा सापडतो. निघंटूत, म्हणजे वैदिक शब्दांच्या जुन्या कोशात, कर्माची 26 नावं दिली आहेत, त्यांत ‘शमी’ आहे (दसऱ्याची शमी वेगळी). ‘शशमान’ म्हणजे राबलेला. यास्काचार्य मात्र निरुक्तात ‘शशमान म्हणजे शंसमान’, स्तुती करणारा, असं सांगून मोकळे होतात. हे मुळीच पटत नाही. ज्या निघंटूवर ते भाष्य करतात तोच शमीला कर्म म्हणतो, मग शशमानाला नुसती स्तुती करायला का बसवायचं? ग्रीकमधला याच कुळातला ‘काम्नो’ घ्या: राबणं, राबून थकणं. राबला, थकला, निवला, असा हा अर्थाचा प्रवास आहे. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई ओट्यावर टेकते, तेव्हा तिच्या अंगात जे उतरतं ती शांती.

याच धातूचा दुसरा शब्द आहे ‘शमिता’. यज्ञात पशूला मारणारा. पशू ओरडू नये म्हणून त्याचा श्वास कोंडत. तेही शमवणंच. एका धातूतून गप्प करणारा निघाला आणि राबणाराही निघाला.

आता या विद्याशाखेकडे या, तिचा सगळा गाभा गप्प करणं आणि निवणं याच फरकावर उभा आहे. अमेरिकेत इंडियानातल्या मँचेस्टर कॉलेजात 1948 साली पदवीला हा विषय सुरू झाला. 1959 मध्ये नॉर्वेचे योहान गाल्टुंग यांनी ओस्लोत शांततेवरची संशोधन संस्था काढली. हेच गाल्टुंग 1955 साली तत्त्वज्ञ आर्ने नेस यांच्याबरोबर गांधींच्या राजकीय नीतीवर पुस्तक लिहून बसले होते. त्यांनी नकारात्मक शांतता (मारामारी थांबलेली) आणि सकारात्मक शांतता (अन्याय हटलेला) असा भेद केला, आणि 1969 मध्ये ‘संरचनात्मक हिंसा’, म्हणजे कोणी हात न उचलता समाजाच्या रचनेतूनच होणारी हिंसा, ही कल्पना मांडली. पाणवठा वेगळा असलेल्या गावात वर्षभर एक काठी उगारली जात नाही, तरी तिथे हिंसा चालूच असते. अर्थशास्त्रज्ञ केनेथ बोल्डिंग यांनी 1977 मध्ये यावर आक्षेप घेतला: दारिद्र्याला हिंसा म्हटलं की शब्द सैल होतो. बोल्डिंग या विषयाच्या पाया घालणाऱ्यांतले, पण इथे ते चुकले. आपल्या मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव 1978 चा, नामविस्तार 14 जानेवारी 1994 चा. मधल्या सोळा वर्षांत ज्या दिवशी जाळपोळ नव्हती तो प्रत्येक दिवस शांततेचा धरायचा का?

स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात सशस्त्र संघर्षांची नोंद ठेवतात. वर्षात लढाईत किमान 25 मृत्यू आणि एक बाजू सरकारची असेल तर संघर्ष, 1000 झाले की युद्ध. मोजणी काटेकोर आहे, हवीच आहे. पण गावाने टाकलेला बहिष्कार त्या चाळणीतून गळून पडतो. म्हणून हा विषय आज लागतो, आणि तो फक्त महायुद्धं आणि करार शिकवून संपवला की फसतो. ब्रॅडफर्डला 1973 पासून स्वतंत्र विभाग आहे, आपल्याकडे बनारसला 1998 पासून मालवीय केंद्र, दिल्लीत जामियात 2004 पासून मंडेला केंद्र. मराठवाड्यात शिकवायचा तर पहिलं प्रात्यक्षिक शांतता समितीच्या बैठकीत व्हावं: कोण बोललं, कोणाला बोलावलंच नाही, याची नोंद.

नावाचं राहिलंच. ‘शांती अध्ययन’ नको. समास करायचा तर संधी होऊन ‘शांत्यध्ययन’ होतं, ते कोणाच्या तोंडी बसणार नाही. शिवाय मराठीत शांती मनाची आणि पूजेची. करार, परिषद, समिती ‘शांतते’ची. तेव्हा ‘शांतता अध्ययन’, दोन शब्द सुटे. धातूचा मान राखायचा असेल तर ‘शांतिविद्या’ मला जास्त आवडेल. तिथे ‘ति’ ऱ्हस्व, ‘शांतिसेना’त असतो तसाच.